सुनेनं आणलेलं आडनाव

नवऱ्याला जाऊन वर्ष झालं, तेव्हा माझे मोठे दीर जर्मनीहून आम्हा मायलेकींना भेटायला सिंगापूरला आले. मी मूळची पुण्याची. नवरा जर्मन, इथल्या विद्यापीठात संशोधन करायचा, मी तांजोंग पगारच्या एका ऑफिसात. इथेच भेटलो, इथेच लग्न केलं. त्याचं आडनाव मी हौसेनं लावलं, कुणी सक्ती केली नव्हती.

ते आडनाव इथे कुणालाच धड म्हणता येत नाही. त्यातल्या एका अक्षरावर दोन टिंबं आहेत, ती माझ्या इथल्या राहण्याच्या पासवर कधी उमटलीच नाहीत. क्लिनिकमध्ये नर्स ते कसंबसं पुकारते, मी उठले की पुन्हा कागदाकडे बघते. लेक इथल्या लोकांच्या ढंगात म्हणते, "आई, जस्ट गो लाह!"

दीर निवृत्त झाल्यापासून घराण्याचा इतिहास शोधत होते. एका सकाळी तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांच्या गर्दीत कॉफी पिताना त्यांनी तो मला सांगितला. आपण गावाच्या नावाला 'कर' जोडतो ना, तसंच हे आडनाव. तेव्हाच्या जर्मनीच्या पूर्वेकडच्या एका खेड्यावरून पडलेलं. महायुद्धानंतर ते खेडं पोलंडमध्ये गेलं आणि त्याचं नावही बदललं.

"जुनं नाव आता फक्त आमच्या आडनावात उरलंय," ते म्हणाले. मग कपात चमचा फिरवत राहिले. "तू तरुण आहेस. माहेरचं नाव पुन्हा लावलंस तर कुणी काही म्हणणार नाही. खरं सांगू? नाव घराण्यातच राहिलेलं बरं."

शेजारी त्यांची सख्खी पुतणी टोस्ट खात होती.

"तुमचे आजोबा युद्धातून परत आले होते?" मी विचारलं.

"नाही."

"मग हे नाव पश्चिमेला कुणी आणलं?"

मला ठाऊक होतं. सासूबाईंनीच सांगितलं होतं. दिरांची आजी दोन पोरांना हातगाडीत घालून बर्फातून चालत आली. जिथे आसरा मिळाला तिथले लोक तिला उपरी म्हणून हिणवायचे. दुसरं लग्न कर, हे नाव टाक, असं तिलाही सांगून झालं. तिनं टाकलं नाही.

"एका विधवा सुनेनं आणलं," मी म्हणाले. "तीही बाहेरून आलेली. तिनं नाव सोडलं असतं, तर तुम्हाला शोधायला उरलं काय असतं?"

माझा आवाज चढला होता. पलीकडच्या टेबलावरचे आजोबा पेपर खाली करून बघायला लागले. बघू देत.

"मला तसं म्हणायचं नव्हतं," दीर लालबुंद होऊन म्हणाले.

"तसंच म्हणायचं होतं. आणि मी ते ऐकणार नाही."

त्याच आठवड्यात पुण्याहून धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, आता कशाला ते परकं नाव? आपलं लाव की." त्यालाही झाडलं. नवरा गेल्यावर माझी झोप, माझं जेवण यांची चौकशी फार कुणी केली नव्हती. नावाची काळजी मात्र दोन्ही घरच्या पुरुषांना.

विमानतळावर निरोप घेताना दीर चाचरत म्हणाले, "उन्हाळ्यात मी त्या खेड्याला जाणार आहे. पोरीला पाठवशील?"

"एकटीला नाही. दोघी येऊ."

"तिथे आता आपलं कुणीच नाही."

"मग आम्ही जाऊन सांगू, आम्ही इथल्या म्हणून."

त्यांनी माझा हात हातात घेतला. तिकिटं मी परवाच काढली.