बानाबाईची हाळी

सोयगावच्या पेठेत कुणालाही विचारा, रेडिओवरची बानाबाई कोण? आधी हसतील, मग सांगतील. हसण्याचं कारण तेवढं ऐकून घ्या.

तालुक्याच्या छोट्या रेडिओ केंद्राचं काम सुकेशनी नावाची पोरगी बघायची. डोंगराकडेची दहा-पंधरा गावं ऐकतील एवढीच त्याची झेप. मेंढपाळांचा कार्यक्रम मेंढपाळानंच करावा म्हणून तिनं बानाबाईला धरून आणलं. बाईचा जन्म मेंढरांमागं गेलेला. माईकपुढं बसल्यावर ती इकडंतिकडं बघू लागली. बोलायचं कुणाशी? समोर तर कुणीच नाही! मग मोकळ्या रानात मेंढरं बोलवायला ती जे करायची तेच तिनं केलं. डोळे मिटून हाळी दिली, "हुर्रर्र, या गं बायांनो, याऽऽ!"

झालं! तिचा नवरा खंडेराव नेमका तेव्हा कळप घेऊन चहाच्या हॉटेलापुढून चाललेला, आणि हॉटेलात रेडिओ चालू. मालकिणीचा आवाज ऐकून अख्खा कळप आत घुसला. कपबशा फुटल्या, गिऱ्हाईकं टेबलावर चढली. खंडेरावची अशी फजिती जन्मात झाली नव्हती.

"तुझा रेडिओ आन् तू," तो घरी येऊन म्हणाला. "मी नाय ऐकायचा."

गळ्यात रेडिओ अडकवून तो रानात जाई खरा, पण गाण्यांपुरता, असं सांगे.

सुकेशनीनंही हात जोडले, "मावशी, सगळं बोला, फक्त हाळी नको." बानाबाईनं ते पाळलं. भर दुपारी, मेंढरं सावलीला बसायच्या वेळी, ती लसीची, पावसाची, बाजाराची खबर द्यायची. लोक वाखाणायचे. खंडेराव मात्र एका शब्दानं काही म्हणायचा नाही. तिला ते लई लागायचं.

एका दुपारी कार्यक्रम चालू असतानाच गावातून शेजारच्या कडूबाचा फोन आला. पाझर तलावाच्या कडेला कुणी फवारणीच्या औषधाचे डबे धुतले होते, पाणी पिऊन दोन शेरडं मेली होती. खंडेराव आज त्याच अंगाला गेलेला. डोंगरात मोबाइलला रेंज नाही, आणि उठलेली मेंढरं थेट पाण्यावरच जाणार.

तिनं लगेच बातमी सांगितली, पुन्हा सांगितली. पण तो ऐकत असेल का? ऐकणार नाही म्हणालेला माणूस! लेकरासारखी वाढवलेली मेंढरं तिच्या डोळ्यांपुढं आली. तिनं सुकेशनीकडं पाहिलं.

"द्या, मावशी," सुकेशनी म्हणाली.

बानाबाईनं जीव ओतून हाळी दिली.

दिवस कलला तशी ती मेंढरांच्या वाड्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. कळप आला. सगळ्यात मागं राहणारी लंगडी मेंढीसुद्धा आली. बानाबाईनं तिला पोटाशी धरलं आणि रडून घेतलं.

"बातमी ऐकली तसा पळालो," खंडेराव धापा टाकत सांगू लागला. "पर निम्मी पाण्याकडं उतरली व्हती. एकटा कुठवर वळवू? तेवढ्यात तुझी हाळी आली, आन् फिरली की समदी माघारी!"

"बातमी ऐकली?" बानाबाईनं डोळे पुसले. "तुम्ही तर ऐकत नव्हता!"

खंडेराव गडबडला. गळ्यातला रेडिओ उगाच चाचपत राहिला.

"मेंढरांसाठी लावतो," तो म्हणाला. "तुझा आवाज आल्याबिगर दुपारची बसतच नाय कुणी."

"कुणीच?"

"नाय म्हणलं ना. कुणीच."