घसरू हवालदाराची पेटी

घसरू हवालदार हे त्याचं मालिकेतलं नाव. अकरा वर्षांत ते इतकं चिकटलं की घरमालकही त्याच नावाने हाक मारायचा. गुन्ह्यांच्या त्या मालिकेत मुडदे पडायचे, सुरे चालायचे आणि मधेच हा धडपडायचा. त्याला एक खोड होती. संवाद संपले तरी तो पदरचं काहीतरी घालत राहायचा, आणि दिग्दर्शकालाही त्याची चटक लागली होती. हा आपणहून गप्प होईपर्यंत 'कट' म्हणायचं नाही, असा सेटवर शिरस्ताच पडला होता.

त्या दुपारी खलनायक त्याला लोखंडी पेटीत कोंबणार, वर बसून सफरचंद सोलणार आणि आतून हा "वाचवा हो!" ओरडणार, असा प्रसंग होता. लोहाराने पेटीच्या मागच्या बाजूला हवेसाठी भोकं पाडली होती. पण ऐनवेळी कॅमेऱ्याला जागा पुरेना, म्हणून कुणीतरी पेटी भिंतीला चिकटवली. भोकं बुजली, हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

झाकण पडलं. सुरुवातीला त्याने मजेत आरडाओरडा केला. मग श्वास पुरेना. अंगाला दरदरून घाम फुटला.

"वाचवा हो!"

बाहेर खसखस पिकली.

"अहो, नाटक नाही, खरंच मरतोय मी!"

आता तर सगळ्यांची हसून मुरकुंडी वळली. खलनायकाने वरून टाचेने ठेका धरला. एवढी शहाणीसुरती माणसं, पण एकाच्याही डोक्यात प्रकाश पडू नये! आपण गप्प झालो तरच हे थांबतील, हे त्याला कळलं, तेव्हा ओरडण्याचं त्राणही उरलं नव्हतं.

"कट!"

टाळ्या पडल्या. झाकण उघडलं तर हा निळा पडलेला. तोंडावर पाणी मारल्यावर शुद्धीवर आला. दिग्दर्शकाची पाचावर धारण बसली होती, पण ते चित्रण त्याने कापलं मात्र नाही.

घरी याने अवाक्षर काढलं नाही. बायको उगाच धास्तावेल. छातीत मधूनच कळ यायची, तीही त्याने अंगावर काढली.

सोमवारी संध्याकाळी तो भाग लागला. 'खरंच मरतोय मी' ऐकून बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं, हसून.

"कसं हो सुचतं तुम्हाला?"

"सुचलं नव्हतं गं. खरंच जीव जात होता."

ती खिदळली. तेवढ्यात ती कळ आली, आणि या खेपेला थांबेना. त्याने छाती गच्च धरली.

"अगं, डॉक्टरांना फोन कर. लवकर."

"पुरे हो आता, पोट दुखायला लागलं माझं!" ती म्हणाली आणि तोंडावर उशी दाबून हसत सुटली.