ड्युटीआधीची गोळी

मी फार्मसी कॉलेजात शिकवते. दरवर्षी एखादी तरी मुलगी तास संपल्यावर दारात गाठते आणि विचारते, "मॅडम, कंपनीत स्कोप आहे ना?" स्कोप हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. आमच्याही कॉलेजात टाय लावलेले पाहुणे यायचे आणि पडद्यावर बाण दाखवायचे. प्रॉडक्शन, क्वालिटी, रेग्युलेटरी, मार्केटिंग; सगळे बाण वर जाणारे. त्या बाणावरून चढणाऱ्या माणसाचं काय होतं, हे कुणी सांगितलं नाही. मी सांगते.

माझं माहेर राहुरीचं. वडील, म्हणजे आमचे अण्णा, शाळेत क्लार्क होते. मला बी.फार्मला घातलं तेव्हाच त्यांनी ठरवून टाकलं होतं की पोरगी मेडिकलच्या काउंटरमागे उभी राहून खोकल्याच्या बाटल्या विकणार नाही, ती कंपनीत औषध बनवेल. नगरच्या पुढे पुण्याच्या रस्त्याला एका कंपनीत मुलाखत झाली. साहेब म्हणाले, "मुलींना लॅब बरी. प्रॉडक्शनला उभं राहावं लागतं, शिफ्टा असतात." झालं, मी हट्टाला पेटले. म्हटलं, देणार असाल तर प्रॉडक्शनच द्या. त्यांनी दिलं, आणि कुठं दिलं तर पेनिसिलिनच्या खात्यात.

पेनिसिलिनच्या जातीतल्या कॅप्सूल बनवणारी इमारत वेगळी असते. तिचं गेट वेगळं, हवा वेगळी, कपडे वेगळे, बाहेर पडताना अंघोळ सक्तीची. कारण त्या पावडरचा कण जरी दुसऱ्या औषधात गेला, तरी ज्याला ती सोसत नाही त्याचा जीव जाऊ शकतो. दुसऱ्यांच्या जिवाची एवढी काळजी, आणि आम्ही दिवसभर त्याच पावडरीत. तोंडाला मास्क असायचा, नाही असं नाही. पण मशीन अडकलं, झाकण उघडलं की पांढरा धुरळा अंगावर यायचाच.

मला तिथं एकच गोष्ट हवी होती, सरकारी अप्रूव्हल. ठरावीक अनुभव झाला की कंपनी नाव पाठवते, आणि मंजुरी आली की आपण अप्रूव्हड केमिस्ट. मग आपल्या देखरेखीखाली माल निघू शकतो, कुठल्याही कंपनीत उभं करतात. ती नसेल तर नुसती डिग्री घेऊन बसा. आमच्या खात्यात अशी एकही बाई नव्हती. मला पहिली व्हायचं होतं, खोटं कशाला बोलू.

आमचे शिफ्ट इनचार्ज कोपरगावकडचे होते. रागीट माणूस, पण शिकवायचे मनापासून. मशीनच्या आवाजावरून कॅप्सूल कमी भरतेय हे कसं ओळखायचं, ते मी त्यांच्याकडूनच शिकले. काही महिन्यांत माझे डोळे चुरचुरायला लागले. आत पाऊल टाकलं की शिंकांवर शिंका. एका सकाळी चेंजिंग रूमबाहेर त्यांनी मला थांबवलं आणि खिशातून अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांची स्ट्रिप काढली.

"घ्या. ड्युटीच्या आधी एक. इथं सगळेच घेतात."

पाहिलं तर खरंच. वॉटर कूलरपाशी एकेक जण येत होता, प्रसाद घ्यावा तशी गोळी तोंडात टाकत होता आणि आत जात होता.

"सर, ही अ‍ॅलर्जीची सुरुवात असते ना?"

"व्हय. तुमालाबी माहीत, मलाबी माहीत. पण आता बोललात तर लॅबमदी धाडतील. अप्रूव्हल गेलं मंग."

मी गोळी घेतली. आमची मती कशी फिरली होती बघा. एखादा अडाणी माणूस असता तर अंगाला खाज सुटली म्हणून सरळ डॉक्टरकडे गेला असता. आम्ही फार्मसिस्ट. आम्हाला डोस माहीत होता, कुठली गोळी घेतली की पेंग येत नाही तेही माहीत होतं. आतला रोग वाढतोय आणि आपण वरून नुसता झाकतोय, हेही परीक्षेत लिहून आलो होतो. वर्षाच्या तपासणीला डॉक्टर विचारायचे, काही त्रास? सगळे रांगेने नाही म्हणायचे.

माझं अप्रूव्हल आलं. अण्णांनी शाळेत पेढे वाटले, फोनवर त्यांना धड बोलताही येईना इतके ते खूश होते. त्याच आठवड्यात माझ्या दंडांवर गांधी उठल्या. मी बाह्या खाली ओढल्या आणि एकाच्या दोन गोळ्या घ्यायला लागले.

दिवाळीनंतर सर रजेवर गावी गेले आणि तिकडे तापाने पडले. न्यूमोनिया होता म्हणे. ताप डोक्यात गेला, बरळायला लागले, तेव्हा बायकोने त्यांना गाडीत घालून दवाखान्यात नेलं. तिथं सलाईनमधून इंजेक्शन दिलं. इंजेक्शन पेनिसिलिनच्याच जातीतलं. थोड्या वेळात श्वास घुसमटला आणि डॉक्टरांनी धावपळ केली तरी ते गेले.

कंपनीच्या गाडीतून आम्ही भेटायला गेलो, मी आणि एचआरचे साहेब. वहिनी ओसरीवर बसल्या होत्या. रडून रडून आवाज बसला होता. मला जवळ बसवून घेतलं आणि माझा हात सोडेनात.

"ताई, तुमी संगं काम करीत हुतात म्हनून इचारते. डाक्टरनी मला इचारलं हुतं, ह्यांना कशाची अ‍ॅलर्जी हाय का. मी म्हनलं, न्हाई. हुती का हो?"

मी तोंड उघडायच्या आत साहेब बोलले, "नाही हो वहिनी. दरवर्षी तपासणी होते आमच्याकडे. काही नव्हतं."

मला संताप आला. हिला खरं सांगितलं तर तिचं ते एक 'न्हाई' जन्मभर तिला खात राहणार. नाही सांगितलं तर कंपनी सुटली, आणि पावडरही होती तिथंच. मी तिच्याकडे बघून म्हटलं, "होती. आम्हाला सगळ्यांना आहे."

तिने माझा हात सोडला. मग म्हणाली, "मंग मला का न्हाई बोलले?"

"तुम्ही कामाला जाऊ दिलं नसतं."

"न्हाईच दिलं असतं," ती म्हणाली आणि पदर तोंडात कोंबून हमसायला लागली.

परतताना साहेबांनी काच वर केली. म्हणाले, "मॅडम, आत्ताच अप्रूव्हल आलंय तुमचं. करिअरचा विचार करा." मी त्यांना राहुरीलाच गाडी थांबवायला सांगितली आणि उतरले.

घरी अण्णा चहा पीत होते. मला अवेळी बघून त्यांना आनंदच झाला. आईला हाक मारली, म्हणाले, "बघ, आपल्या केमिस्टबाई आल्या." मी दोघांना समोर बसवलं. म्हटलं, "नीट ऐका. मी कधी आजारी पडले, मला बोलता येत नसलं, तर डॉक्टरला आधी सांगायचं, हिला पेनिसिलिन चालत नाही. त्याच्या जातीतलं काहीही देऊ नका. सांगाल ना?"

आईने मान हलवली. अण्णांनी कप खाली ठेवला. पेनिसिलिन, पेनिसिलिन असं दोनदा पुटपुटले, विसरू नये म्हणून. मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "बरं, आणि तू कंपनीत कुठलं औषध बनवतेस म्हणालीस?"