उलट्या झाडाची फांदी
हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आज बमरोलीच्या कापड कारखान्यांजवळ कांजी लावलेल्या कापडाचा वास आला आणि साड्यांचं आमचं जुनं ऑफिस आठवलं. तिथे धुळ्याकडची एक मुलगी कॉम्प्युटरवर स्क्रिप्ट लिहून डिझाइनांचं उलटं झाड रचायची: वर व्यापारी, खाली त्याची डिझाइनं. "काका, एक फांदी एकाच ठिकाणी राहते. दुसरीकडे जोडली की पहिलीकडून आपोआप सुटते." मला खरं वाटेना. ती चहाला गेल्यावर मी एका व्यापाऱ्याची फांदी दुसऱ्याला जोडून पाहिली. खरंच सुटली! हरखून बघत होतो, तेवढ्यात शेठनी बोलावलं आणि फांदी तशीच राहिली. संध्याकाळी एकाची खास डिझाइनं दुसऱ्याला गेली. चूक तिचीच समजून शेठ तिला म्हणाले, "बेन, हवे आवशो नहीं." म्हणजे, आता येऊ नका. तिची नोकरी गेली, फांदी मी हलवली हे मी कुणाला सांगितलं नाही. परवा ती भेस्तानच्या भाजीबाजारात दिसली. "काका, ओळखलं का?" मी म्हणालो, "पोरी, ती फांदी..." आणि वाक्य तिथेच सोडून भाजीवाल्याला मेथीचा भाव विचारला.