धुतलेले मणी

चुडामण आबांना गावात कोणी शहाण्यात धरत नसे, आणि आबांनाही त्याचं काही वाटत नसे. गिरणाकाठच्या त्या गावात घरांना मातीची धाबी होती, तोवर त्यांचा धंदा जोरात होता. गावाबाहेर पांढरीचं टेकाड आहे, म्हणजे कोण्या काळी बुजून गेलेली वस्ती. तिथली माती धाब्यावर घातली की छत गळत नाही. आबा ती खणून बैलगाडीने घरोघर पोचवत. मातीत कधीमधी काचेचा मणी निघे. लोक म्हणत, टाक रे तो. आबा खिशात टाकत.

पुढे सिमेंटचे स्लॅब आले, धंदा बसला, खोड मात्र गेली नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी धुळ्याच्या कॉलेजात इतिहास शिकवणारी नूतन टेकाड बघायला आली. आबांनी मणी दाखवले. त्यातला एक सोनेरी मणी उन्हात धरला आणि ती बाई मटकन खालीच बसली.

"आबा, दोन काचांच्या मध्ये सोन्याचा वर्ख आहे. ही रोमकडची कारागिरी दिसते. दोन हजार वर्षांपूर्वी जहाजातून आलेली!"

मग तिने बजावलं, "मणी कुठे सापडला, किती खोल, हे चिठ्ठीवर लिहून चिमूटभर मातीसकट त्याच्याजवळच ठेवा. नाहीतर हा मणी आणि बाजारातला मणी सारखाच. तुमचं नाव लिहून आमच्या संग्रहालयात कपाट करू आपण."

झालं! चौथी शिकलेला माणूस परीक्षेला बसल्यासारखा कामाला लागला. आधीच्या मण्यांच्या जागा ध्यानात होत्या, त्या लिहून काढल्या. पुढे टेकाड फिरून फिरून नवे शोधले. कॅलेंडरच्या पानाच्या पुड्या, आत मणी, माती आणि चिठ्ठी. 'लोटनच्या विहिरीमागे, दोन हात खाली.' अशा दोनशेवर पुड्या पत्र्याच्या डब्यात जमल्या. बायकोला, सुमनबाईला, वाचता येत नव्हतं. ती डब्याला कचरा म्हणे आणि आबा हसत. समजावून सांगायचा त्यांना आळस. तोच नडला.

या माघात आबांचं जळगावला बायपास झालं. तीन आठवड्यांनी घरी आले, तर घर सारवलेलं, भांडी घासलेली; सुमनबाई त्यासाठी दवाखान्यातून दोन दिवस आधीच पुढे आली होती. सुमनबाईने त्यांना खाटेवर टेकवलं आणि मांडीवर एक माळ ठेवली. रंगारंगाने ओवलेली, लखलखीत.

"बठ्ठा मणी साबणना पानीमा धुई काढात. माटी, कागद बठ्ठं फेकी दिधं. देखा, कसा चमकी राहिनात! आते कोनीबी येवो, लाज नही."

आबांनी माळ हातात घेतली. रडू आलं नाही, रागही आला नाही. टाक्यांभोवतीची छातीची कातडी बधिर झाली होती, तिथे बोट टेकलं तरी कळत नसे. आतही तसंच झालं होतं. इतके दिवस दवाखान्याच्या फरशीवर झोपलेली बाई समोर उभी होती, शाबासकीची वाट बघत.

"ब्येस," आबा म्हणाले.

चार दिवस ते जागा आठवत बसले. पाच-सहा आठवल्या, पुढे सगळा गोंधळ. अंदाजाने सांगितलेली जागा नूतनला चालणार नव्हती, आणि आबांनाही चालणार नव्हती.

गुरुवारी नूतन मण्यांसाठीच आली. माळ पाहून तिचा चेहरा उतरला.

"आबा, चिठ्ठ्या कुठे आहेत?"

सुमनबाई चहा घेऊन दारातच उभी होती. आबांनी तिच्याकडे बघितलं नाही.

"चिठ्ठ्या लिख्याच नहीत पोरी. लिखाना कटाळा उना."

"अहो, दर दिवाळीला फोनवर सांगत होतात की!"

"मी खोटं सांगं."

नूतनने माळ उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाली, "कॉलेजातल्या मुलांना दाखवायला नेते. कपाटाचं मात्र आता जमणार नाही." तिने माळ रुमालात गुंडाळली, चहा अर्धाच घेतला आणि गेली. जाताना तिने नेहमीसारखा वाकून नमस्कार केला नाही. आबांच्या ते ध्यानात आलं.

सुमनबाई उष्टा कप उचलता उचलता कडाडली, "शिकेल बाईले फसाडं तुम्ही! मी मरमर करी मणी घासात, नि तुमले दोन अक्षर लिखाले काय जात व्हतं?"

"चुकनं," आबा म्हणाले, आणि औषधाची गोळी घ्यायला त्यांनी पाणी मागितलं.