सहावं पिल्लू

सुकटीचा वास आला की मला आमची पनवेलची कुत्री आठवते. एक्स-रे बघून डॉक्टरांनी तिला पाच पिल्लं होतील असं सांगितलं होतं आणि पहाटे जिन्याखाली ती व्याली तेव्हा मीही पाचच मोजली. दुपारी बघते तर सहा! आधी मला माझ्याच मोजण्याचा संशय आला. पण सहाव्याचे डोळे उघडे होते आणि अंगाला सुकटीचा वास येत होता. सकाळपासून जिन्यापाशी फक्त मासळीवाली येऊन गेली होती. दुसऱ्या दिवशी मी तिला अडवलं, "मावशी, हे तुम्हीच ठेवलंत ना?" "नाय गो," म्हणत ती नजर चुकवू लागली, मग टोपली उतरवून खालीच बसली. "त्याची आय पळस्प्याला गाडीखाली गेली, बाय. दूध कोन पाजनार?" आमची कुत्री त्याला चाटत होती. मी घरी सांगितलं, डॉक्टर चुकले. खरं आज पहिल्यांदाच लिहितेय.