वन्स मोअर आणि महाल

धामणकर नाक्यावरून कोन गावाला जाताना शेअर रिक्षात एक म्हातारे गृहस्थ रोज भेटायचे. त्यांची बोटं सतत गुडघ्यावर ठेका धरायची. आमची नाटकमंडळी महालात घडणारं एक जुनं संगीत नाटक थाटात परत आणणार होती. कुठलं घ्यावं, एके दिवशी मी त्यांना विचारलं.

"जास्त पदं असतील ते घ्या. पेटीवर कोन हाय?"

मी सांगून टाकलं. "काका, कोणी नाही. महालाचा सेट भव्य हवा, म्हणून वादकांचे पैसे वाचवून गाणी रेकॉर्डवर घ्यायचं मीच ठरवलं."

बोटं थांबली. "वन्स मोअर मिळाला की गाणारा नवी तान घेतो, सायेब. तुमची मशीन काय घेईल, चाय?"

 कोनला उतरताच मी निर्मात्याला फोन लावला : महालाचा वरचा मजला काढा, पेटीवाला आणि तबलजी बसवा.